झेप आणि दम

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात बहिणीच्या घराच्या ओट्यावर सकाळचा चहा पीत बसलो होतो. समोरच्या बोळात एक करडी मांजर आणि गल्लीतला तांबडा कुत्रा अचानक एकमेकांसमोर आले. कुत्रा तिच्या चौपट तरी असेल. मांजर पळाली असती तर तो नक्की मागे लागला असता, पण ती पळाली नाही. तिने भिंतीला पाठ लावली, पाठीची कमान केली, केस फुलवले आणि पुढचा एक पंजा उचलून धरला. कुत्रा दोनदा भुंकला आणि नाक पुढे करून हुंगायला गेला. पंजा कधी फिरला ते दिसलंच नाही. कुत्रा मात्र केकाटत तीन पावलं मागे सरकलेला दिसला.

"मांजर जिंकली!" सहावीतल्या भाच्याने निकाल देऊन टाकला.

निकाल एक मिनिटही टिकला नाही. भुंकणं ऐकून कोपऱ्यावरून आणखी दोन कुत्री आली. तिघांनी तीन बाजू धरल्या. मांजरीने एकवार मान फिरवली, हिशोब केला आणि शेवग्यावरून सरळ पत्र्यावर गेली. तिथे बसून ती निवांत पंजा चाटू लागली. खाली तिघंही तोंड वर करून भुंकत राहिली.

"आता कोण जिंकलं?" मी विचारलं.

भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने त्याचा खरा प्रश्न बाहेर काढला. तो म्हणे शाळेत महिनाभर चालू होता आणि वर्गात त्यावरून दोन तट पडले होते. "मामा, जंगलात एक वाघ आणि वीस रानकुत्रे समोरासमोर आले तर कोण जिंकेल?"

मला दोन दिवस सुट्टी होती आणि गाडीत पेट्रोल होतं. "चल, विचारून येऊ," म्हटलं.

छत्रपती संभाजीनगरात वाघ बघायला लांब जावं लागत नाही. मध्यवर्ती बसस्थानकाशेजारी महापालिकेचं सिद्धार्थ उद्यान आहे आणि तिथलं प्राणिसंग्रहालय वाघांच्या पैदाशीसाठी नाव कमावून आहे. डिसेंबर २०२० मध्ये इथल्या समृद्धी वाघिणीने एकाच वेळी पाच बछड्यांना जन्म दिला होता. मुंबईच्या राणीच्या बागेत फेब्रुवारी २०२० मध्ये दाखल झालेली शक्ती आणि करिश्मा ही जोडीही इथूनच गेलेली. भाच्याला ही माहिती तोंडपाठ होती. संभाजीनगरचे वाघ मुंबईला जातात याचा त्याला, का कोण जाणे, वैयक्तिक अभिमान आहे.

आम्ही गेलो तेव्हा पट्टेरी वाघ ओंडक्याशेजारी झोपला होता. अर्ध्या तासाने उठला, पुढचे दोन्ही पाय ओंडक्यावर टेकवून त्याने कंबरेपर्यंत ताणून आळस दिला, आणि तेवढ्या दोन सेकंदांत हवं ते दिसलं. मऊ पंजातून पिवळट, वाकडी नखं बाहेर आली, लाकडात रुतली आणि पुन्हा आत गेली. चालताना ही नखं कातडीच्या घड्यांत मिटलेली असतात, म्हणून झिजत नाहीत आणि कायम धारदार राहतात. कुत्र्याची नखं सतत जमिनीला घासून बोथट होतात. ती पळताना जमीन धरायला उपयोगी, भक्ष्य धरायला नाहीत.

दुसरा फरक हाताचा. भाच्याला म्हटलं, तळहात वर कर, आता पालथा कर. कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडं एकमेकांवर फिरतात म्हणून हे जमतं. मांजरकुळातल्या जनावरांना बऱ्याच प्रमाणात हे जमतं, म्हणूनच वाघ सांबराच्या मानेला मिठी मारू शकतो आणि बिबट्या झाडाला कवटाळून वर चढतो. कुत्र्याच्या कुळाने ही सोय धावण्यासाठी गहाण टाकली. त्याचा पुढचा पाय पुढे-मागे उत्तम चालतो, पण तळवा वळवून काही पकडता येत नाही. थोडक्यात, मांजराकडे पाच हत्यारं आहेत, चार पंजे आणि एक जबडा. कुत्र्याकडे एकच, जबडा.

तोही वेगळ्या घडणीचा. मांजरकुळात बहुतेकांना दात तीस. तोंड आखूड असल्यामुळे जबड्याची सगळी ताकद पुढच्या सुळ्यांवर येते. लहान भक्ष्य असेल तर सुळे मानेच्या मणक्यांमध्ये घुसवायचे, मोठं असेल तर नरडं धरून श्वास बंद होईपर्यंत सोडायचं नाही, ही त्यांची रीत. २०२५ साली पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडच्या लोकांनी बिबट्याच्या भीतीने शेतात जाताना स्वतःच्याच गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधले होते. बिबट्या नेमका कुठे धरतो हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

कुत्र्यांच्या कुळात बहुतेकांना बेचाळीस दात. तोंड लांब, त्यामुळे पळता पळता चावा घेऊन सुटणं सोपं. एका चाव्यात जीव घेणं हे त्यांचं कामच नाही. चावायचं, सोडायचं, पुन्हा चावायचं. भक्ष्य थकेपर्यंत हेच चालतं, आणि थकणार कोण हे आधीच ठरलेलं असतं.

"म्हणजे वाघच भारी," भाचा म्हणाला.

"एकास एक म्हणशील तर प्रश्नच नाही. पण कुत्रं एकटं येतं कुठे?"

मग गौताळ्याच्या जंगलाकडे निघालो आणि दौलताबाद, खुलताबाद मागे टाकत वेरूळला पोहोचलो. कन्नडच्या वाटेवर कैलास लेणं लागतं आणि तिथे थांबलो नाही तर अपराधी वाटतं. या खेपेला मी शिखराकडे कमी आणि जोत्याकडे जास्त पाहिलं. मुख्य मंदिराचा सगळा भार जणू हत्ती आणि सिंहांच्या रांगेने पाठीवर तोलून धरला आहे. मंडपाच्या छतावर कोरलेल्या कमळाभोवतीही सिंहच उभे आहेत. बाराशेहून अधिक वर्षांपूर्वी राष्ट्रकूटांच्या राजवटीत पाथरवटांना बळ दाखवायचं होतं तेव्हा त्यांनी मांजरकुळातला प्राणी निवडला. राजांच्या सिंहासनांत, किल्ल्यांच्या दरवाजांवरच्या शरभांत, देवीच्या वाहनातही तोच. लांडग्याचं सिंहासन कोणी केलेलं ऐकलं नाही. एकट्याने जिंकणारा आपल्याला राजा वाटतो, आणि टोळीने जिंकण्याला आपण लांडगेतोड म्हणतो. भाषेने हा सामना केव्हाच एकतर्फी करून ठेवला आहे.

कन्नड संभाजीनगरपासून साठेक किलोमीटरवर. तिथून गौताळा औट्रमघाट अभयारण्य सुरू होतं. १९८६ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य सुमारे २६० चौरस किलोमीटरचं आहे आणि संभाजीनगर आणि जळगाव अशा दोन जिल्ह्यांत पसरलंय. गौताळा हे नाव गौतम ऋषींवरून आलं असं सांगतात. औट्रमघाट मात्र इंग्रज अधिकारी जेम्स औट्रमवरून. १८२५ च्या सुमारास खानदेशात भिल्लांची पलटण उभी करणारा हा माणूस वाघांच्या शिकारीसाठीही गाजला होता. म्हणजे ज्याने वाघ मारले त्याचं नाव आज अभयारण्याच्या पाटीवर आहे. इतिहासाला विनोदाचं वावडं नसतं.

पानगळीचं जंगल, साग, पळस, सालई, मध्ये मध्ये गवताळ माळ. सोबत एक वनमजूर आला होता, याच परिसरातल्या गावचा, पन्नाशीचा. कमी बोलणारा, पण बोलला की मुद्द्याचं. एका ओढ्यापाशी त्याने आम्हाला थांबवलं. पाणी आटत चाललं होतं आणि काठाचा चिखल अजून ओला होता. त्याने काठीने एक ठसा दाखवला. गोल, चार बोटांचा, नखं नाहीत, मागच्या गादीला खालच्या बाजूने तीन टोकं.

"बिबट्या. रातचा."

त्याच ठशावर, थोडा तिरपा, दुसरा ठसा होता. लांबट, बोटांच्या पुढे नखांची टिंबं स्पष्ट उमटलेली.

"हे कुत्रं. गावातलं. पहाटं आलं असंल." तो ठशांच्या मागोमाग पाच-सहा पावलं गेला आणि वाकला. "हे बघा सर. इथवर वास घेत आलं. इथं थांबलं. आन् इथून माघारी."

खरंच, ठसे एका जागी गोळा झाले होते आणि मग वळून गावाच्या दिशेने गेले होते. परतीच्या ठशांमधलं अंतर जास्त होतं. म्हणजे ते चालत आलं होतं आणि पळत गेलं होतं. भाचा त्या चिखलाकडे बघत उभा राहिला. अख्खा सामना तिथे लिहिलेला होता, आणि त्यात एकही चावा नव्हता.

"बिबट्या कुत्र्याला भीत नसेल ना?" भाच्याने विचारलं.

वनमजूर हसला. "रातीला एकटं कुत्रं घावलं तर बिबट्या उचलून नेतो, आवाज बी येत नाही. पण दिवसा चार-पाच कुत्री मिळून मागं लागली, की तोच बिबट्या आंब्यावर चढून बसतो. आमच्या गावात बघितलंय. खाली कुत्री, वर बिबट्या, सगळं गाव गोळा."

बहिणीच्या बोळातली मांजर आणि पत्रा! नुसती मापं बदलली होती.

त्याच्या बोलण्याला अभ्यासाचा दुजोरा आहे. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचा आहार तपासला. तेव्हा वजनाच्या हिशोबाने ८७ टक्के खाणं पाळीव प्राण्यांचं निघालं, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, ३९ टक्के. त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट होती, तरी शेळ्यांचा वाटा ११ टक्केच. कारण साधं आहे. शेळ्या रात्री गोठ्यात कोंडलेल्या असतात, कुत्री मोकळी फिरतात. जे सहज मिळतं ते बिबट्या खातो. तो पराक्रम गाजवायला निघालेला नसतो.

आमच्या शहरालाही याचा अनुभव आहे. डिसेंबर २०१९ मध्ये सिडकोच्या एन-१ भागात बिबट्या शिरला होता आणि काही तासांच्या धावपळीनंतर वनखात्याने त्याला जेरबंद केलं. जुलै २०२४ मध्ये उल्कानगरीत एक बिबट्या सीसीटीव्हीत दिसला आणि अख्ख्या शहराची झोप उडाली. दोन्ही वेळा लोकांनी विचारलं, बिबट्या शहरात आलाच कसा? मोकाट कुत्री जिथे आहेत तिथे बिबट्याचं ताट वाढलेलं आहे, हा त्या प्रश्नाच्या उत्तराचा निदान एक भाग आहे.

गौताळ्याची बढाई मात्र बिबट्यापुरती नाही. मार्च २०२१ मध्ये इथल्या कॅमेऱ्यात चक्क वाघ आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून सुमारे ३३० किलोमीटर चालत तो इथवर पोहोचला होता. या जंगलात वाघाची आधीची नोंद १९४० ची, म्हणजे मधे ऐंशी वर्षं गेलेली. खरं तर ही सगळी डोंगररांग एके काळी वाघांचीच होती. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी हिंडत असताना त्याला अजिंठ्याचं दहावं लेणं दिसलं. आत जाऊन त्याने खांबावर आपलं नाव कोरलं आणि अजिंठा जगाला माहीत झालं. तो वाघ त्याला मिळाला का नाही याची कोणाला पर्वा नाही. अजिंठ्याच्याच सतराव्या लेण्यात एक सिंहीण झोपलेल्या सुदास राजाचे पाय चाटताना रंगवली आहे. शिकारीला आलेला राजा आणि त्याच्यावर भाळलेली सिंहीण. या डोंगरांनी मांजरकुळाचं हेही रूप पाहिलेलं आहे.

तळ्याकाठी डबे उघडले तेव्हा भाच्याने पुन्हा मूळ मुद्दा काढला. "वाघ नि वीस रानकुत्रे. अजून उत्तर नाही मिळालं."

रानकुत्रा म्हणजे गावातलं कुत्रं रानात गेलं ते नव्हे. ती स्वतंत्र जात आहे. कुठे त्याला कोळसून म्हणतात, कुठे कोळशिंदा. विटकरी तांबूस अंग, काळी झुपकेदार शेपटी, वजन बारा ते वीस किलो. भुंकत नाही, शीळ घालतो. खालच्या जबड्यात मागची एकेक दाढ कमी, म्हणून दात चाळीस. बघायचा तर विदर्भात ताडोबा, नागझिरा, मेळघाट गाठायचं, नाहीतर सह्याद्रीचं घाटरान. हा शेपटीने मूत उडवून जनावराला आंधळं करतो अशी समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्याला आधार नाही, पण एवढ्याशा प्राण्याने सांबर लोळवलेलं पाहिल्यावर माणसाला काहीतरी जादू शोधावीशी वाटली असणार.

मी ते एकदा ताडोबात पाहिलंय. सात रानकुत्र्यांनी एका सांबर मादीला तळ्यात रेटलं होतं. ती छातीभर पाण्यात उभी, ते काठावर पसरलेले. कोणालाही घाई नव्हती. दोघं तर चक्क झोपले. तिने काठाच्या ज्या बाजूला तोंड वळवावं त्या बाजूचा उठून उभा राही. मारामारी अशी नव्हतीच. होती ती पाळीपाळीने दिलेली ड्यूटी. तासाभराने आमची वेळ संपली आणि जिप्सी वळवावी लागली. शेवट पाहायला मिळाला नाही, आणि खरं सांगायचं तर पाहण्याची हिंमतही नव्हती. रानकुत्रे भक्ष्याचं नरडं धरत नाहीत, मागून आणि पोटाकडून फाडतात. त्यामुळे इंग्रजी अमदानीतल्या शिकाऱ्यांनी त्यांना क्रूर ठरवलं आणि सरकारने त्यांना मारणाऱ्यांना इनामं दिली.

कर्नाटकात नागरहोळेच्या जंगलात उल्हास कारंथ आणि मेल सनक्विस्ट यांनी वाघ, बिबट्या आणि रानकुत्रे काय मारतात याचा शेजारी-शेजारी अभ्यास केला. १९९५ साली छापलेल्या त्यांच्या निष्कर्षात भक्ष्याचं सरासरी वजन असं आहे: वाघाचं ९१.५ किलो, बिबट्याचं ३७.६ किलो आणि रानकुत्र्यांचं ४३.४ किलो. पुन्हा वाचून पाहा. पंधरा किलोचं कुत्रं पन्नास-साठ किलोच्या बिबट्यापेक्षा मोठं जनावर पाडतं. एकट्याच्या अंगात नसलेलं बळ टोळीने उसनं दिलेलं असतं.

भाच्याने लगेच हिशोब मांडला. "वीस गुणिले पंधरा, तीनशे किलो. वाघ दोनशे. रानकुत्रे जिंकले!"

गणित बरोबर, जंगल चूक. वीस कुत्री असली तरी वाघाच्या तोंडासमोर एका वेळी एकच येऊ शकतं, आणि जे पुढे येईल ते संपलं. वाघाच्या एका पंजात रानकुत्र्याची कंबर मोडते. रानकुत्र्यांनी वाघाला घेरून मारल्याच्या गोष्टी जुन्या शिकाऱ्यांच्या आठवणींत सापडतात, पण खात्रीच्या नोंदी पाहिल्या तर वाघाने रानकुत्रे मारल्याच्याच जास्त आहेत. बिबट्याचं गणित वेगळं. तो एखाद्या रानकुत्र्याला गाठून मारतो, पण टोळी आली की झाड गाठतो आणि बऱ्याचदा शिकारही त्यांच्या हवाली करतो.

जगभर असंच दिसतं. रशियाच्या अतिपूर्वेला जिथे वाघ वाढले तिथे लांडगे कमी झाले, आणि वाघ घटले तिथे लांडगे परतले. आफ्रिकेत सिंह दाट असतील तिथे तिथले रानकुत्रे विरळ असतात. चित्ता तर मांजरकुळातला असून भांडणात कायम माघार घेतो. धावण्यासाठी त्याने नखांची धार आणि अंगाचं वजन दोन्ही कमी केलं, म्हणजे अर्धा कुत्र्याच्या वळणावर गेला, पण टोळीचं बळ मात्र घ्यायचं राहून गेलं.

मग एवढा बलदंड वाघसुद्धा बऱ्याचदा रानकुत्र्यांच्या वाटेला का जात नाही? गौताळ्यातल्या त्या ओल्या चिखलाशी मला याचं उत्तर सापडलं असं वाटतं. वाघ-बिबट्या एकटे जगतात. सुळा तुटला, पंजात काटा मोडून पू झाला, तर त्या आठवड्यात शिकार नाही, आणि शिकार नाही म्हणजे पुढच्या आठवड्यात आणखी अशक्तपणा. त्यांना वाढून देणारं कोणी नसतं. रानकुत्र्याचं तसं नाही. टोळी आधी पिल्लांना खाऊ देते, बिळाशी राखणीला थांबलेल्यांसाठी पोटात मांस घेऊन येते, आणि एखादा लंगडत मागून आला तरी त्याला चार घास मिळू शकतात. मांजराला जखम परवडत नाही आणि कुत्र्याला एकटेपण परवडत नाही. दोघांच्या सगळ्या शौर्याची आणि सगळ्या भित्रेपणाची चावी या एका वाक्यात आहे. म्हणून मांजर झेपेवर जगतं आणि कुत्रं दमावर. म्हणून बिबट्या झाडावर चढतो यात लाज नाही, आणि ठशाचा वास घेऊन पळालेलं ते गावकुत्रंही शहाणंच होतं.

एकाच जंगलात दोघं नांदतात तेही भांडण टाळूनच. रानकुत्रे बहुतांशी दिवसा शिकार करतात, वाघ आणि बिबटे संध्याकाळी आणि रात्री. जणू पाळ्या वाटून घेतल्यासारखं. शाळेच्या पोरांना वाटणारा महासंग्राम जंगलात क्वचितच होतो, कारण तो दोघांनाही परवडणारा नाही.

परतताना वनमजुराने एक वेगळीच काळजी बोलून दाखवली. "सर, बिबट्या-वाघाचं काही नाही. ही गावची कुत्री आत येत्यात ना, त्याचं वाईट वाटतं. हरणाची पिल्लं फाडत्यात. आन् रोग आणत्यात."

त्याचा शेवटचा शब्द मोठा आहे. कुत्र्यांमध्ये डिस्टेंपर नावाचा विषाणूजन्य आजार असतो. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत या आजाराने सुमारे हजार सिंह मेले, म्हणजे तिथल्या सिंहांपैकी जवळजवळ एक तृतीयांश. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गुजरातच्या गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले तेव्हाही हाच विषाणू सापडला. रानकुत्र्यांचा तर तो घरचाच आजार. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या अंदाजानुसार जगात प्रजननक्षम रानकुत्रे हजार ते सव्वादोन हजारांच्या आसपास उरलेत, म्हणजे वाघांहूनही कमी. मांजर आणि कुत्रा या सामन्यात कुत्र्याने सिंहाला हरवलं ते दातांनी नव्हे, शिंकेने. आणि हरवणारं कुत्रं रानातलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. बहिणीला साताऱ्याच्या खंडोबाला जायचं होतं. हा सातारा म्हणजे शहराच्या दक्षिणेचा, डोंगराच्या पायथ्याचा. भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या पायऱ्यांवर भाच्याला मी वाघ्यांची गोष्ट सांगितली. खंडोबाला वाहिलेल्या पुरुषाला वाघ्या म्हणतात. नावात वाघ, पण तो स्वतःला देवाचं कुत्रं मानतो. काही ठिकाणी उत्सवात वाघे कुत्र्यासारखे भुंकत कोटंब्यातला नैवेद्य तोंडाने खातात. आणि आपल्या खेड्यापाड्यांत दर दुसऱ्या कुत्र्याचं नाव वाघ्या असतंच. वाघ आणि कुत्रा यांतला निवाडा करायचं आपल्या पूर्वजांनी बहुतेक सोडूनच दिलं होतं. दोघांना एकाच नावात बांधलं आणि देवाच्या पायाशी बसवलं.

घरी आलो तेव्हा बोळात तांबडा कुत्रा सावलीत पसरला होता. नाकावर कालचा ओरखडा सुकलेला. करडी मांजर त्याच्यापासून सात-आठ हातांवर, उन्हात. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही.

"सोमवारी वर्गात काय सांगणार?" मी विचारलं.

"सांगतो की एकटा असेल तर वाघ, टोळी असेल तर बिबट्याविरुद्ध रानकुत्रे, आणि शहाणे असतील तर कोणीच नाही."

निकाल मला मान्य आहे. त्यात माझी एवढीच भर: गौताळ्याच्या किंवा कोणत्याही जंगलाच्या काठावर तुमचं शेत असेल, तर रात्री कुत्रं आत बांधून ठेवा, आणि रेबीजच्या लशीबरोबर त्याला डिस्टेंपरचीही टोचून घ्या. या दोन लशी वेगळ्या असतात आणि दुसरी बहुतेकांच्या लक्षातच नसते. वाघ आणि रानकुत्रे आपसातलं बघून घेतील. आपलं कुत्रं सांभाळणं मात्र आपल्याच हातात आहे.